आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स: फॉर्म, फी, झोप आणि एक तक्ता

कोर्स संपून आता महिना होत आला. करायच्या आधी मी नेटवर बरंच शोधलं होतं पण जे सापडायचं ते एक तर "माझं आयुष्यच बदललं" टाइपचं नाहीतर सरळ सरळ जाहिरात. फॉर्ममध्ये काय काय विचारतात, कॅमेरा चालू ठेवावा लागतो का, एखादा क्लास बुडला तर काय, मध्येच रडू आलं तर काय, हे कोणी लिहीतच नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून काढतेय. लांबलंय, आधीच सांगते.

कोर्स म्हणजे एमबीएसआर, पूर्ण नाव माइंडफुलनेस बेस्ड स्ट्रेस रिडक्शन. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय तिथेच, चांगलं-वाईट न ठरवता लक्ष ठेवणं, आणि त्यातून ताण कमी करायचा. जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये सुरू केला. हा माणूस मूळचा मॉलिक्युलर बायॉलॉजीचा, एमआयटीतून पीएचडी केलेला, स्वतः झेन (जपानी बौद्ध ध्यानपद्धती) आणि योग करणारा. सुरुवातीला त्यांच्याकडे डॉक्टर जे पेशंट पाठवायचे त्यांच्यात जुनी दुखणी असलेले, औषधांनी पुरता फरक न पडलेले असे बरेच असायचे. विपश्यना, झेन, हठयोग सगळ्यातून थोडं थोडं घेतलंय पण कोर्समध्ये देवाधर्माचं काही नाही, मंत्र नाही, गुरू नाही. आठवड्याला एक क्लास अडीच तासांचा, असे आठ, सहाव्या आणि सातव्या क्लासच्या मध्ये एक अख्खा दिवस मौनाचा, आणि रोज घरी पाऊण तास सराव, आठवड्यातले सहा दिवस. जगभर साधारण हाच साचा असतो, कुठेही केलात तरी. मी ऑनलाइन केला.

माझं कारण फार काही मोठं नव्हतं. रात्री तीनच्या आसपास जाग यायची आणि डोकं सुरू व्हायचं, आणि दिवसा मी जिथे असायचे तिथे नसायचेच. लेक शाळेतलं काहीतरी सांगत असायची, मी हं हं करत असायचे आणि ती मध्येच थांबून म्हणायची, "आई, मी आत्ता काय सांगितलं सांग बरं." कधीच सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन वगैरे बघून घेतलं (हे तुम्हीही आधी करून घ्या, थकवा आणि चिडचिड दरवेळी मनातूनच येते असं नाही), रिपोर्ट ठीक आले, मग काही दिवस एका समुपदेशक ताईंकडे जात होते, त्यांनी हा कोर्स सुचवला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाव नोंदवलं. चालू बॅच भरलेली होती, पुढची जानेवारीत. वेटिंग लिस्टवर टाकलं आणि महिनाभर काहीच नाही, मी विसरूनही गेले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक मेल, की जागा आहे पण पाच दिवसांत फॉर्म भरून पाठवा. तो मेल प्रमोशन्सच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला होता, नवऱ्याने सहज विचारलं म्हणून मी शोधला. त्यामुळे नाव दिलंत की तो ईमेल पत्ता लगेच कॉन्टॅक्ट्समध्ये सेव्ह करून ठेवा.

फॉर्म बघून मी जराशी हबकलेच. कुठली औषधं चालू आहेत, पूर्वी कधी नैराश्य होतं का, हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं होतं का, जीव द्यावासा वाटला होता का आणि कधी, दारू किंवा इतर काही व्यसन, गेल्या वर्षभरात घरात कोणी गेलंय का, लहानपणी किंवा नंतर काही भयंकर घडलंय का, पाठीचं ऑपरेशन, गरोदरपण. अडीअडचणीला फोन करायचा तर कोणाला, हेही. नुसतं शांत बसायला एवढी चौकशी कशाला असं तेव्हा वाटलं. नंतर मुलाखतीत कळलं की नुसतं शांत बसणं सगळ्यांना मानवतंच असं नाही. डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेलं की काही लोकांची धडधड वाढते, जुन्या आठवणी उसळून येतात, क्वचित झोपही बिघडते. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन यांनी ध्यानाच्या ह्या नको असलेल्या परिणामांवरच बरंच काम केलंय. त्यामुळे फॉर्ममध्ये लपवाछपवी करू नका. बहुतेक वेळा "नाही" असं उत्तर येत नाही, "आत्ता नको, सहा महिन्यांनी या" किंवा "तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा" असं येतं. माझ्याकडूनही समुपदेशक ताईंचं दोन ओळींचं पत्र मागितलं. ते मिळवण्यात चारेक दिवस गेले कारण त्या सुट्टीवर होत्या, आणि तोवर मी रोज मेल उघडून बघत होते. स्ट्रेस रिडक्शनच्या कोर्सला घेतील की नाही ह्याचा स्ट्रेस, असो.

फॉर्मच्या शेवटी दोन गोष्टींवर सही होती. एक, ग्रुपमध्ये कोणी काय सांगितलं ते बाहेर बोलायचं नाही. दोन, हा उपचार नाही, चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. हे दुसरं ठळक अक्षरात होतं.

मुलाखत व्हिडिओवर झाली, अर्ध्या तासाच्या आतच. शिकवणाऱ्या मॅडमच घेतात. मला वाटलं होतं ध्यानाबद्दल विचारतील, तर त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर, रोजचा पाऊण तास कुठून काढणार? मी म्हटलं, काढीन की. त्या म्हणाल्या, "'काढीन' नको, किती वाजता ते सांगा. आणि त्या वेळी घरात कोण कोण असतं?" मग खरंच बसून हिशोब केला आणि पहाटे सव्वापाच ठरलं. घरात लग्न, घर बदलणं, नवी नोकरी असलं काही पुढच्या दोन महिन्यांत असेल तर पुढच्या बॅचला या, असं त्या सरळ म्हणाल्या. आणि हेही म्हणाल्या की पहिले दोन-तीन आठवडे ताण उलट वाढल्यासारखा वाटेल, तेव्हा कोर्स सोडून द्यावासा वाटेल, तेव्हा सोडायच्या आधी मला एक मेल करा. हे आधी ऐकलेलं होतं म्हणून मी टिकले असं आता वाटतं.

फीचं बोलायचं तर आकडा सगळीकडे वेगळा असतो त्यामुळे तो सांगून उपयोग नाही. पण तीन गोष्टी विचारून घ्या. हप्ते चालतात का, ह्याचं उत्तर मला "हो, दोन" असं मिळालं. सवलतीच्या जागा आहेत का, त्या असतात पण माहितीपत्रकात लिहिलेल्या नसतात, मेल करून मागाव्या लागतात आणि कारणं देत बसावं लागत नाही. आणि पैसे परत कधीपर्यंत मिळतात, आमच्याकडे दुसऱ्या क्लासनंतर नाही. बाकी त्या गोल गाद्या, उश्या, बाक वगैरे काही घेऊ नका. घडी घातलेली चादर आणि एक साधी खुर्ची पुरते. खुर्चीवर बसलेलं चालतं, झोपलेलंही चालतं, मांडी घालून बसलं तरच ध्यान असं काही नाही. हेडफोन मात्र चांगला हवा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन प्रश्नावल्या आल्या. एक दहा प्रश्नांची, शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली आणलेल्या तणाव मोजायच्या प्रश्नावलीवरून, गेल्या महिन्यात किती वेळा असं असं वाटलं, ० ते ४, एकूण ४० पैकी. दुसरी लांबलचक, ३९ प्रश्नांची, आपलं लक्ष कसं चालतं त्याबद्दल. कोर्स संपल्यावर ह्याच पुन्हा भरायच्या असतात. पहिलीत माझे २७ आले. परीक्षा नाही ती, कोणी पास-नापास करत नाही, पण आकडा बघून पोटात गोळा आला हे खरं.

पहिला क्लास शनिवारी सकाळी. कॅमेरा चालू ठेवावा लागतो, फक्त सरावाच्या वेळी बंद केला तरी चालतो. बेदाण्याचा व्यायाम सगळ्यांनी कुठेतरी वाचलेला असतो, तोच झाला. एक बेदाणा हातात घ्यायचा, तो काय आहे हे माहीतच नाही असं समजून बघायचा, उजेडासमोर धरायचा, बोटांत फिरवून कानाशी न्यायचा (आवाज येतो!), वास, मग ओठ, मग जिभेवर नुसता ठेवायचा, न चावता. एका बेदाण्याला दहा मिनिटांच्या वर. मला तो व्यायाम जरा ओढूनताणून वाटला, अजूनही वाटतो. एवढंच कळलं की चावायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं आणि गिळायच्या आधीच हात दुसऱ्या बेदाण्याकडे जातो. माझा गेला.

गृहपाठ म्हणून बॉडी स्कॅन, म्हणजे झोपून डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू करून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचं, रेकॉर्डिंग ऐकत. पहिले कितीतरी दिवस मी गुडघ्याच्या वर पोचलेच नाही, झोपच लागायची. पहाटे सव्वापाचला उठून परत झोपायचं, आणि त्यासाठी फी भरायची! क्लासमध्ये विचारलं तर निम्म्या लोकांचं तेच. मॅडम म्हणाल्या, झोपेची उधारी आहे ती फिटू दे. मग डोळे अर्धवट उघडे ठेवा, तरी जमत नसेल तर बसून करा, आणि पलंगावर मुळीच करू नका. पलंग सोडून जमिनीवर आले आणि तिसऱ्या आठवड्यात एकदाची खांद्यापर्यंत पोचले.

आता दुसरा आठवडा. मला ह्या कोर्समधून जे काही मिळालं ते नव्वद टक्के ह्या आठवड्याच्या कागदातून मिळालं असं माझं मत आहे, ध्यानातून त्यामानाने कमी. माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना हे पटलं नाही, त्यांना बसणं जास्त आवडलं.

कागद असा. आठवडाभर रोज एक सुखद प्रसंग लिहायचा. मोठा नको, कुठलाही. पाच रकाने: काय झालं, ते घडत असतानाच तुम्हाला ते छान वाटतंय हे जाणवत होतं का, शरीरात नेमकं कुठे काय वाटलं, मनात कुठले विचार आणि भावना होत्या, आणि आत्ता हे लिहिताना मनात काय येतंय. बस एवढंच, कारकुनी काम. मला वाटलं हे सोपं आहे.

पहिल्या रात्री कागद घेऊन बसले आणि काही आठवेना. अख्ख्या दिवसात एक गोष्ट नाही? दुसऱ्या दिवशी ओढूनताणून लिहिलं की सकाळी केस धुतल्यावर मानेवर गार वारा लागला. दुसऱ्या रकान्यात: नाही. म्हणजे तेव्हा कळलंच नव्हतं, रात्री आठवून कळलं. तिसऱ्या दिवशी लेक पळत येऊन मागून बिलगली होती. दुसरा रकाना: नाही, मी फोनवर होते. चौथ्या दिवशी पुन्हा नाही. नाही, नाही, नाही असं एकाखाली एक लिहिलेलं बघून मला जे वाटलं ते कुठल्याही ध्यानात वाटलं नाही. प्रसंग होते ना. रोज होते. मीच गैरहजर.

त्या शनिवारी क्लासमध्ये सगळ्यांचे तक्ते वाचले. रिटायर झालेले एक काका होते, त्यांनी लिहिलं होतं की शेजारच्यांचं ड्रिलिंग थांबलं. बस, एवढंच, ड्रिलिंग थांबलं आणि मग जी शांतता आली ती. सगळे हसलो. मग त्यांनी चौथा रकाना वाचला, त्यात होतं "आता परत सुरू होईल." आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली, कारण तो रकाना जवळपास सगळ्यांचा तसाच होता. छान वाटतंय म्हटलं की लगेच पाठीमागून काहीतरी येतं. हे फार दिवस टिकणार नाही. एवढं खूश व्हायचं काय आहे त्यात. त्यापेक्षा कपडे वाळत घाल. आपल्याकडे तर हे लहानपणापासून शिकवतात, फार हसू नको, रडावं लागेल. मी स्वतः लेकीला म्हटलेलं आहे.

ह्यावर वेगळं संशोधन आहे हे मला तिथे कळलं. फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी आनंद चाखण्यावर, म्हणजे तो आलेला असताना तोंडात धरून ठेवण्यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की दुःख झेलता येणं आणि सुख चाखता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, एक आलं म्हणजे दुसरं आपोआप येतं असं नाही. आणि चाखणं तीन वेळांना होतं, गोष्ट घडायच्या आधी वाट बघताना, घडताना, आणि नंतर आठवताना. हे ऐकून मला एकदम हायसं वाटलं, कारण मी मधल्या वेळेला ढ असले तरी तिसरीत बरी होते, रात्री कागदावर लिहिताना प्रसंग पुन्हा मिळत होता. तेवढ्यावर सुरुवात करता येते. घडताना पकडायचं असेल तर मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे तिसरा रकाना: छान वाटतंय का असा प्रश्न स्वतःला विचारला की डोकं वाद घालतं, पण शरीरात कुठे वाटतंय असं विचारलं की वाद घालायला काही उरत नाही, छातीत सैल वाटतंय, कपाळ उघडल्यासारखं वाटतंय, संपलं. दुसरी गोष्ट, शेजारी कोणी असेल तर मोठ्याने बोलून टाकणं. "काय मस्त वारा आहे" एवढंच. पूर्वी मला असं बोलणारी माणसं उगाच बडबडी वाटायची.

फोटोचं काय, असं एकाने विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, काढा, पण आधी बघून झाल्यावर काढा.

तिसऱ्या आठवड्यात तोच कागद दुःखद प्रसंगांचा. तो सगळ्यांना भराभर लिहिता आला, जागा कमी पडली! त्याचा एक फायदा झाला, वाद सुरू व्हायच्या बराच आधी माझे दात आवळलेले असतात हे मला पहिल्यांदा कळलं. आता दात आवळले की मी निदान त्या क्षणी मेलला उत्तर देत नाही. ह्याच क्लासमध्ये तो प्रसिद्ध अभ्यास सांगितला, मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा, २०१० साली सायन्स नियतकालिकात आलेला. २,२५० लोकांना दिवसभरात कधीही फोनवरून विचारायचे की आत्ता काय करताय, लक्ष तिथेच आहे का, कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा लक्ष दुसरीकडेच होतं, आणि लक्ष दुसरीकडे असताना लोक कमी आनंदी होते. गंमत म्हणजे मन एखाद्या छान गोष्टीकडे भरकटलेलं असलं तरी हातातल्या कामापेक्षा जास्त आनंद काही मिळत नव्हता. मला तो निम्मा आकडा ऐकून फार बरं वाटलं, मी एकटी नाही तर.

चौथा-पाचवा आठवडा कंटाळ्याचा. खरंच. नवेपणा गेलेला, निकाल दिसत नाही, पहाटे थंडी, हलकी योगासनं आणि बसून श्वास बघणं असा आलटूनपालटून सराव. मॅडमनी सांगितलेला तो मेल मी ह्याच काळात केला, "जमत नाहीये" एवढ्या एका ओळीचा, आणि त्यांचं उत्तर आलं की कंटाळा कुठे जाणवतो ते बघा, आणि आजचा दिवस फक्त दहा मिनिटं करा. मी दहाच केली. दुसऱ्या दिवशी परत पाऊण तास. मग एक शनिवार लेकीला ताप आल्यामुळे बुडला. क्लासचं रेकॉर्डिंग मिळत नाही, कारण लोक त्यात खाजगी बोलतात, पण पुढच्या क्लासच्या पंधरा मिनिटं आधी मॅडम फोनवर राहिलेलं सांगतात, तसं मात्र आपणहून मागावं लागतं. आमच्याकडे सर्टिफिकेटसाठी आठपैकी सहा क्लास आणि मौनाचा दिवस एवढी हजेरी लागत होती.

सहाव्या आठवड्यात कठीण संभाषणांचा कागद होता, समोरच्याला काय हवं होतं, मला काय हवं होतं, शेवटी काय झालं. ऑफिसातल्या एकाच माणसाने माझा कागद भरला, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मौनाचा दिवस फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी नऊ ते चार. घरूनच, स्क्रीनवर. ह्याची मला सगळ्यात जास्त भीती होती म्हणून जरा सविस्तर सांगते. आदल्या दिवशी घरच्यांना नीट सांगून ठेवा, मी दाराला कागद चिकटवला होता. फोन नवऱ्याकडे दिला, खरंच अडचण आली तर तो येऊन सांगेल ह्या बोलीवर. जेवण आदल्या रात्रीच करून ठेवा कारण जेवायचंही मौनातच असतं, सावकाश, आणि मध्ये गॅसपाशी उभं राहायची इच्छा होत नाही. बसणं, चालणं, झोपून स्कॅन, परत बसणं. चालणं म्हणजे खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कुठेही पोचायचं नाही.

सकाळ बरी गेली. दुपारी जेवणानंतर मैत्रीभावनेचा सराव होता, आधी स्वतःला, मग जवळच्यांना, मग ज्यांच्याशी पटत नाही त्यांना मनातून चांगलं चिंतायचं. मी पहिल्यालाच अडकले. दुसऱ्या कोणाचंही भलं चिंतता येतं, स्वतःचं चिंतायला लागले आणि धो धो रडायला आलं, कारण काही नाही, आवाज न करता नुसतं पाणी. अशा वेळी काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं: डोळे उघडायचे, तळपाय जमिनीला टेकवायचे, खोलीतले आवाज ऐकायचे, आणि तरी फार होत असेल तर मॅडमना खाजगी मेसेज टाकून सरळ उठायचं, पाणी प्यायचं. उठलेलं चालतं. मी उठले, तोंड धुतलं, परत येऊन बसले. अजूनही ते रडू कशाचं होतं ते मला सांगता येणार नाही आणि समुपदेशक ताईंनाही मी तेवढंच सांगितलं. संध्याकाळी मात्र काही ठरवू नका, मी पाहुण्यांना बोलावलं असतं तर वेडी झाले असते, सगळे आवाज फार मोठे वाटतात.

सातव्या आठवड्यात रेकॉर्डिंगशिवाय, स्वतःला हवं ते करायचं असतं. आठव्यात निरोप, थोडी रडारड, परत त्या प्रश्नावल्या. मार्च उजाडला होता.

४० पैकी माझे १८ आले. नऊने उतरले. आता हा कोर्सचा परिणाम की थंडी संपल्याचा की ऑफिसातलं वर्षअखेरीचं काम हातावेगळं झाल्याचा, हे एकट्या माझ्या आकड्यावरून कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून त्यावर फार जाऊ नका. "गोळ्यांऐवजी हे चालेल का" असं मला आत्तापर्यंत दोघी-तिघींनी विचारलंय. २०२२ साली जामा सायकायट्री नियतकालिकात एक चाचणी आली होती, चिंतेचे आजार असलेल्या २७६ लोकांवर, त्यात आठ आठवड्यांचा हा कोर्स एस्सिटॅलोप्राम ह्या औषधाच्या तुलनेत कमी पडला नाही. पण त्यात लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं होतं आणि डॉक्टरांची नजर होती, आपली आपण गोळी बंद करून मोबाइलवर ॲप लावणं म्हणजे ते नव्हे. ज्यांना नैराश्याचे झटके परत परत येतात त्यांच्यासाठी एमबीसीटी (माइंडफुलनेस बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी) नावाचा वेगळा कोर्स आहे, दोन्हींची नावं सारखी वाटतात, फॉर्म भरताना नीट बघा.

सर्टिफिकेट दोन आठवड्यांनी आलं, तेही अभिप्रायाचा फॉर्म भरल्यावरच, पीडीएफ. त्याच्यावर "सहभागी झाल्या" एवढंच असतं. त्याने दुसऱ्याला शिकवता येत नाही, शिकवायचं प्रशिक्षण वेगळं आणि बरंच लांब असतं, हे सांगते कारण आमच्यातल्या एकाने आठवा क्लास संपताच स्वतःची बॅच काढायचं ठरवलं होतं.

आत्ताची स्थिती अशी की तीनला जाग अजूनही येते, रोज नाही. आली तर तळपायांपासून स्कॅन सुरू करते आणि बहुतेक वेळा गुडघ्यापर्यंतच पोचते, त्या वेळेला ते चांगलंच आहे. पाऊण तास होत नाही, वीस मिनिटं होतात, शनिवारी-रविवारी तीही नाही. लेकीचं "मी काय सांगितलं" चालूच आहे, हल्ली निम्म्या वेळा सांगता येतं. महिन्यातून एकदा जुन्या विद्यार्थ्यांसाठी फुकट सेशन असतं, त्याला जाते.

आणि कागद चालू आहे. तुम्ही वेटिंग लिस्टवर असाल किंवा कोर्स करायचा की नाही हेच ठरत नसेल तर तोवर एवढं करून बघा, ह्याला कुठलाही फॉर्म लागत नाही. वहीच्या पानावर पाच रकाने आखा, वर दिलेत तेच. रोज एकच प्रसंग, रात्री, फोन हातात घ्यायच्या आधी. लांब लिहू नका, प्रत्येक रकान्यात पाच-सहा शब्द. एखादा दिवस कोरा गेला तर कोरा सोडा, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन लिहू नका. मूड फारच वाईट असेल, काहीच छान वाटेनासं झालं असेल आणि ते दोन आठवडे टिकलं असेल, तर वही राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा. नाहीतर सात दिवस झाले की पान समोर ठेवा आणि फक्त दुसरा रकाना वरून खाली वाचा.